एकाच विहिरीचे दोन आकडे

मी मोजमापाची एक जुनी टेप आहे. मित्रांनो, माझ्या टोकाला शिशाचे वजन आहे. ते विहिरीत सोडले, की काठापासून पाणी किती खोलवर आहे ते मी सांगते. निदान तसे मी समजत होते. आता माझी मलाच खात्री वाटत नाही.

डॉ. प्रियदर्शनी यमगर सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात भूजलावर संशोधन करतात. मेंढपाळाघरची ही मुलगी शिकत होती, तेव्हापासून मी तिच्याजवळ आहे. वडूजच्या एका विहिरीत कपारीत अडकून माझा पहिला मीटर तुटला. तिने वजन ‘एक’च्या खुणेला बांधले. तेव्हापासून माझ्या आकड्यातून एक वजा करावा लागतो.

पुढे तिच्या प्रबंधाचे कौतुक झाले, नवी यंत्रे आली आणि मी कपाटात पडले. कवठे महांकाळजवळच्या एका वाडीसाठी मात्र तिने मलाच बाहेर काढले, कारण माझे आकडे तिथे कुणालाही वाचता येतात. सुट्टीच्या दिवशी ती स्वतःहून तिथे जाई. तिच्या सल्ल्याने गावाने ठरवले होते: दिवाळीनंतर पाणी काठापासून आठ मीटरपेक्षा खोल गेले असेल, तर उन्हाळी भुईमूग करायचा नाही, पाणी पिण्यासाठी राखायचे.

यंदा मी ९.६ दाखवले. तिच्या विद्यार्थिनीने, राजेश्वरीने, एक वजा करून वहीत ८.६ लिहिले. मॅडमनी सवयीने पुन्हा एक वजा केला आणि ग्रामसभेत ७.६ सांगितले. लोक खुशीत घरी गेले.

परतताना गाडीत वही चाळता चाळता राजेश्वरी थांबली.

“मॅडम, आपण दोघींनीही वजा केलंय.”

मॅडमनी गाडी कडेला घेऊन वही पाहिली. मग त्यांनी गाडी वळवली.

“चूक माझी म्हणून सांगा,” राजेश्वरी म्हणाली.

“सभेत मी बोलले. उद्या तू चार माणसांच्या पुढं उभी राहशील, तेव्हा लक्षात ठेव. ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं परत घ्यायचं.”

विहिरीवर लोक पुन्हा जमले, आणि मॅडमनी पाणी पुरणार नाही, असे सांगितले. वाडीतली हरणाबाई ओच्यात शेंगा घेऊनच आली होती.

“आवं बाई, मगाशी पुरंल म्हणलासा. आमी बियाच्या शेंगा फोडाय बसलो. आन आता न्हाई?”

“चुकले मी, मावशी. एक दोनदा वजा झाला.”

“एवढं शिकून वजाबाकी कच्चीच म्हणायची,” सरपंच भाऊसो हसले.

मागून कोणी म्हणाले, “टेपच खोटी आसंल.”

मी गोंधळले. मी दाखवायचे तेच दाखवले होते. पण माझे ९.६ तरी कुठे खरे होते?

“सरा,” म्हणत हरणाबाईने मला हातात घेतले. वजन पाण्याला टेकले. तिने बोट ठेवून वाचले, “नऊ सहा. एक गेला. आठ सहा.” तिने मला वर ओढून घेतले. मग भाऊसोंना म्हणाली, “भुईमूग न्हाई. फोडल्यात त्या भाजून खाऊ.” आणि राजेश्वरीकडे वळली, “पोरी, फुडच्या खेपंला आमाला बलवून मोज.”

मॅडमनी मला वाडीतच ठेवले; आता मी हरणाबाईच्या घरी खुंटीला असते. ती मला पुसून, गुंडाळून ठेवते. त्या दिवशी खोटे कोण बोलले, ते मला अजून उमगलेले नाही. मित्रांनो, म्हणून एवढेच मागते: माझ्यासारख्या जुन्या साधनाला सांभाळा, आणि आकडा लिहाल तेव्हा त्याच्याशेजारी वजाबाकी कोणी केली, तेही लिहा.