काल्याच्या दिवशी पेटी थांबली

हिंगणीत मारुतीसमोर सप्ताह बसला की पेटीवर मी, हे एकोणतीस वर्षं ठरलेलं. टाळ वाजू लागले की माझे गुडघे दुखायचं विसरतात. त्या मांडवाबद्दल असं काही लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण राग आवरत नाही, म्हणून लिहितो.

माझी सून अंजू. २००६च्या दिवाळीआधी, आठव्या महिन्यात, तिचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर ती भाकरी थापायची, पाणी भरायची, पण बोलणं तुटलं. अंगारा झाला, उपास झाले, केळझरच्या गणपतीला नवस झाला. शेवटी तिनंच पेपरात वाचलं की पुण्याच्या एक बाई मनाच्या दुखण्यावर इंटरनेटवरून सल्ला देतात. आपण लिहायचं, चार दिवसांत त्यांचं उत्तर येतं.

माझा मुलगा भूपेंद्र म्हणाला, "पागल झाली का तू? लोकं काय म्हणतीन?"

मी म्हणालो, "लोकं तसेही म्हणूनच राह्यले."

तेव्हापासून दर शनिवारी मी तिला एसटीनं वर्ध्याला न्यायचो. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपट्यात बसून ती तासभर लिहायची, मी बाहेर बाकावर. आठव्या शनिवारी परत येताना म्हणाली, "मामाजी, संत्री घ्या." बसमध्ये दोन सोलून खाल्ली. एवढ्या दिवसांत तिनं स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट. त्याच दिवशी तिनं मला सांगितलं की पाण्याचा पितळी गुंड घासताना त्याच्या आतून बाळ रडल्यासारखं ऐकू येतं, आणि हे ती त्या बाईंना लिहिते. "कोनाले सांगू नका," म्हणाली.

सप्ताहात काल्याच्या आदल्या दिवशी कीर्तनकाराचं जेवण आमच्या घरी असतं. हरिदास महाराज जेवून सुपारी कातरत बसले होते.

"बंडूजी, सूनबाईचा चेहरा काऊन उतरला?"

आणि मी सगळं सांगून टाकलं. खोपटं, पुण्याच्या बाई, गुंडसुद्धा. ज्याच्या तोंडून इतकी वर्षं देवाचं नाव ऐकलं, त्याच्यापाशी काय झाकायचं, असं मला वाटलं. महाराजांनी डोळे मिटून मान हलवली. मला वाटलं, प्रार्थना करताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. मांडव भरलेला, मागे बुंदीचा वास. महाराज दृष्टांतावर आले.

"एका गावची एक सून बरं का. घरात देव्हारा, दारात तुळस, आन् दुःख सांगाले जाते मशीनीपाशी. बापा, मशीनीले कान असते का?"

लोक हसले. मृदंगावरच्या तानबानं विनोदावर देतात तशी थाप दिली.

"लिहिते काय? म्हणे, गुंड रडते माहा." महाराजांनी आवाज बारीक केला, बाईसारखा, आणि लहान बाळाचं रडणं काढून दाखवलं.

मांडव खदखदला. दर शनिवारच्या गाडीनं कोण जातं हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? बायकांच्या बाजूला माना वळल्या.

महाराजांनी गजर उचलला आणि माझ्याकडे हात केला. मी भाता दाबून कडी लावली.

"बंडूजी, सूर."

"सूर नाई भेटणार, महाराज."

"कीर्तन मोडलं तर दोष लागते."

"लागू द्या मले." मी उभा राहिलो. "रातभर आपन अभंग गायले. ते काय आहे, महाराज? त्या संतांईनं आपलं रडणंच लिवलं ना? ते डोक्यावर घेऊन नाचता, आन् माह्या पोरीनं लिवलं तर तुमी त्याची नक्कल करता? मशीनीले कान नसन, पन तिकडं एक बाई आहे. ते चार दिवस थांबून नीट वाचते. तुमाले एक रातही पोटात नाई ठेवता आलं."

तानबा मृदंगाची वादी ओढत बसला. बायकांत पाहिलं, तर अंजूची जागा रिकामी होती.

घरी आलो तर ती मोरीजवळ बसलेली. मी मांडवात केलेलं सांगू लागलो.

"भोंग्यावर ऐकू आलं मले," ती म्हणाली. "महाराज परके. त्याईले कोनं सांगतलं?"

"मी."

"मी नाई म्हटलं होतं ना?"

ती आत गेली. माझी बायको अनुसयाबाई म्हणाली, "आता बंद होईन तिचं जाणं. महाराजानं आन् तुमी मिळून केलं." चार दिवस अंजूनं मला जेवायला वाढलं, पण मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी मी सदरा घालून ओसरीत बसलो, ती निघेल या आशेवर. ती निघाली. मी चपला घातल्या.

"तुमी घरीच राहा, मामाजी. मी एकटी जातो."

तरी मी स्टँडपर्यंत मागं मागं गेलो. पानठेल्यावर तानबा होता. "काहो सूनबाई, मशीनीले भेटाले का?"

माझा हात उठलाच होता. अंजू थांबली.

"हो. तुमचं काही सांगाचं असन तर सांगा, काकाजी. ते बाई कोनाले सांगत नाई."

तानबानं पान तोंडात कोंबलं. गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि माझ्याकडे न पाहता वर्ध्याला गेली.