मागच्या ओट्याला खिळा

आमच्या घरात खिळा मारत नसत. हे ऐकलं की माणसं आधी हसायची, मग भिंतींकडे बघायची. लग्नाचा फोटो कपाटावर टेकून उभा. कॅलेंडरं दोन, एक तमिळ महिन्यांचं आणि एक मराठी पंचांगाचं, दोन्ही खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली. वारा आला की एकमेकांवर आपटायची. हे सगळं माझ्या नवऱ्याचं, रघुनाथरावांचं राज्य. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर खांबांवर तारा ओढल्या, पण घरात हातोडी दिसली की तोंड कडू करायचे.

भिंतींचं मी चालवून घेतलं. मागच्या ओट्याचं मात्र मला चालवून घेता येत नव्हतं.

आमचं घर तंजावरात, करंदै भागाच्या पलीकडे; पिढ्यानपिढ्या इथलीच मराठी माणसं आम्ही, बोलणंही इथलंच. मागे कालवा. दिवाळीच्या सुमाराला पाऊस धरला की परसात घोटाभर चिखल होतो, आणि न्हाणीघर, संडास, विहीर सगळं त्या चिखलापलीकडे. म्हणून मागच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत पुरुषभर उंच दगडी खांबांवर फळ्यांचा ओटा आहे. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनीच बांधलेला. त्यानंतर त्याला एकही नवा खिळा लागला नाही. फळी सुटली की हे ती काथ्यानं बांधायचे. कुजली की तिच्यावर दुसरी फळी ठेवायचे, आणि ती सरकू नये म्हणून वर धोंडा. पंचवीस-तीस वर्षांत ओट्याचं पार गाठोडं झालं होतं.

मी सुब्रमण्यम आसारीला बोलवायची. आसारी म्हणजे सुतार. आमच्या गल्लीतली सगळी दारं त्याच्याच हातची. तो आला की हे कॅलेंडरापाशी जाऊन उभे राहायचे.

“आडी महिना लागला. आडींत घरच्या लाकडाला हात लावूं नये.”

“आपल्या पंचांगांत आडी कुठं अहे?”

“हेकडे राहतों तर हेकडचं पाळायला नोको?”

आडी संपला की आमचा पितृपक्ष यायचा, तो गेला की तमिळ मार्गळी, मग आमचा पौष. दोन पंचांगं असलेल्या माणसाला काम टाळायला मुहूर्त कधी कमी पडत नाही. आसारी बिचारा कॉफी पिऊन परत जायचा. कॉफी चांगली असायची, म्हणून तोही दरवेळी यायचा.

मला वाटायचं, नवरा चिक्कू आहे. शेजारच्या शेषाद्रींनी त्या सुमाराला जमिनीला ग्रॅनाइट बसवलं, गच्चीवर केबलची तार आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले. सगळं गाव काहीतरी नवं करत होतं आणि आमच्याकडे काथ्या. मी जाता-येता टोमणे मारायची. हे ऐकून घ्यायचे. त्यांचं ते ऐकून घेणंच मला जास्त झोंबायचं.

मद्रासचं चेन्नई झालं त्या वर्षी हरिप्रियाचा, आमच्या एकुलत्या एका लेकीचा, फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. मी फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो ओट्याचा. अवघडलेली पोर दिवसातून दहादा त्या फळ्यांवरून जाणार.

“आतां तरी आसारीला बोलवूं,” मी म्हटलं.

यांचा चेहरा उतरला. कॅलेंडराकडे गेलेच नाहीत. “घरांत गर्भारशी असतां खिळा मारूं नये,” एवढंच म्हणाले.

“ती चेन्नईला अहे. घर तिचं कुठं अहे आतां?”

“लेक अहे. हेंच घर तिचं.”

ही समजूत आमच्याकडेही आहे आणि तमिळ लोकांतही. घरात पोटुशी असली की घर बांधू नये, खणू नये, ठोकू नये. मीही ती अगदीच झटकून टाकणारी नाही. पण समजूत एकीकडे आणि कुजकी फळी एकीकडे. मी भांडले, अबोला धरला, दोन दिवस यांच्या सांबारात मीठ कमी घातलं. यांनी काथ्याची नवी गुंडाळी आणली.

दिवाळीनंतर सातव्या महिन्याचं बांगड्या भरणं झालं आणि जावई सतीशकुमार हरिप्रियाला सोडून गेला. ती आली त्या दिवशी हे सकाळपासून ओट्यावर रांगत होते. खालच्या तुळया जिथून जातात तिथे त्यांनी खडूनं फुल्या मारल्या होत्या.

“प्रिया, फुलीवरच पाय ठेव. मधें नोको.”

“अप्पा, हें तर पांडी खेळल्यासारखं अहे!” पोरगी हसली आणि लहानपणी लंगडी घालत चौकोनांतून जायची तशी, पण दोन्ही पायांवर, न्हाणीघरापर्यंत गेली. हे दारात उभं राहून प्रत्येक फुलीला मान हलवत होते. मला हसू आलं नाही. ती पलीकडे पोचेपर्यंत मी तिच्या पायांवरची नजर काढली नाही.

मग पाऊस लागला आणि फुल्या धुऊन गेल्या.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात भात उपसत होते. मागून कडाड असा आवाज आला, आणि मग बादली आपटल्याचा. मी हातातला झारा तसाच घेऊन धावले. हरिप्रिया ओट्याच्या मधोमध उभी होती, एक हात पोटावर. तिनं बादली टेकवली ती फळीसकट खाली गेली होती. पुढची फळीही अर्धी लोंबत होती. पोरीचे दोन्ही पाय नशिबानं तुळईवर होते. तोंड पांढरं पडलेलं.

“आई, मी हलूं कीं नोको?”

मी ओट्यावर पाऊल टाकलं तर माझ्या वजनानं उरलेलंही गेलं असतं. तेवढ्यात हे माझ्या बाजूनं निघाले आणि ओट्यावर न चढता सरळ खाली चिखलात उतरले. धोतर, सदरा, कशाची पर्वा नाही. चिखल तुडवत ओट्याखाली गेले, आणि तिच्यापुढची फळी दोन्ही हातांनी आणि डोक्यानं वर रेटून धरली.

“ये आतां. माझ्या डोक्यावरनं ये. मी धरलं अहे.”

ती एक पाऊल आली. हे खालून एक पाऊल सरकले, पुढची फळी धरली. असं करत करत ती दारापर्यंत आली. मी तिला आत ओढलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पोटातलं हलतंय ना, हे तीनदा विचारलं. हलत होतं. तिला काही झालेलं नव्हतं.

मग मी मागच्या दारात गेले. हे अजून चिखलातच उभे होते, दोन्ही हात वर. धरायला काही उरलेलं नव्हतं तरी.

“उद्यां आसारी येणार,” मी म्हटलं. “नाहीं तर मी पोरीला घेऊन पापनाशमला भावाकडे जातें. तुम्हांला लेक होणी कीं समजूत होणी, एक काय तें निवडा आतांच.”

इतक्या वर्षांत मी यांच्याशी असं बोलले नव्हते. हे वर आले, उंबऱ्यावर बसले. डोक्यात कुजक्या लाकडाचा भुसा. पायांवरचा चिखल नखानं खरवडू लागले.

“एकदां मारले होते खिळे,” ते म्हणाले. “तुला पहिल्यांदा दिवस होते तेव्हां. तूं चिखलांत घसरलीस म्हणून हा ओटा बांधायला घेतला. अम्मा नोको म्हणाली. मी ऐकलों नाहीं. दिवसभर ठोकलों. दुसऱ्या दिवशी तुला कळा लागल्या. अम्मा म्हणाली, तुझ्या हातोडीनं मारलं तें पोर.”

आमचं पहिलं मूल मृत जन्मलं होतं. हरिप्रियाच्या आधी चार वर्षं. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. माझ्या वडलांनी ते नदीकाठी नेलं, सासूबाईंनी, म्हणजे यांच्या अम्मांनी, माझी खोली सारवून घेतली, आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं होतं. हा माणूस तेव्हापासून प्रत्येक सुटलेल्या फळीला काथ्या बांधत होता आणि मी त्याला चिक्कू म्हणत होते.

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

“डॉक्टरीण काय म्हणाली तें तुम्हांला अम्मांनीं सांगितलं नाहीं?”

“काय?”

“पोर जाऊन आठवडा झाला होता. नाळ गळ्याभोवतीं गुंडाळली होती. अम्मा तिथंच उभ्या होत्या, त्यांच्या समोर सांगितलं तिनं. आठवडा, ऐकलेत? तेव्हां तुमच्या फळ्या घरांतही आल्या नव्हत्या.”

ते माझ्याकडे वळले. “खरं?”

“देवाशप्पथ. मला वाटलं, तुम्हांला ठाऊक अहे. म्हणून तुम्ही कधीं विचारलं नाहीं, असं मला वाटलं.”

सासूबाईंनी का सांगितलं नाही हे मला अजून कळत नाही. दुःखात त्यांना ते ऐकूच आलं नसेल, किंवा तेव्हा कुणावर तरी राग काढायला हवा असेल. त्या जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर त्या दुपारी मी भांडले असते.

हे खांद्यावरच्या पंच्यात तोंड घालून रडले, आणि मी त्यांच्या डोक्यातला भुसा वेचत बसले. छातीवरचं ओझं उतरलं त्यांचं, पण हलकं मलाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि आसारी आला. सवयीनं कॉफीची वाट बघत बसला. “आधी काम,” मी म्हटल्यावर त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “अस्क्या फळ्या काढ. एकही ठेवूं नोको.” त्यानं भराभरा काथ्या कापायला घेतला, मालकाचं मन पालटेल या भीतीनं. तुळया अजून खणखणीत होत्या. वर नव्या सागाच्या फळ्या अंथरल्या.

हरिप्रियाला मी पुढच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. ती खुर्ची घेऊन मागच्या दारातच आली. आसारीनं पहिला खिळा ठोकला तसे हे वळले आणि तिच्याकडे बघू लागले. काल मी कितीही शपथा घेतल्या असल्या तरी इतक्या वर्षांची भीती अशी एका रात्रीत जात नाही. दुसरा ठोका पडला. तिसरा.

“अप्पा!” हरिप्रिया ओरडली. यांचा रंगच गेला.

“अप्पा, लाथा मारतंय! ठोका पडला कीं लाथ. बघा, परत!” ती पोटावर हात ठेवून हसत सुटली. “आसारी, तुम्ही थांबूं नोका.”

हे तिच्याकडे बघत राहिले. मग पुढे झाले, आसारीच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि मांडी घालून बसले. पहिला घाव अंगठ्यावर बसला. तोंडून जी तमिळ शिवी निघाली ती आमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदाच ऐकली. उरलेले खिळे यांनीच मारले. आसारी बाजूला बसून कॉफी पीत होता आणि मजुरी पूर्ण घेणार आहे हे मधून मधून सांगत होता.

काम संपलं तरी हातोडी खाली ठेवेनात. लग्नाचा फोटो भिंतीवर लावला. कॅलेंडरं लावली, एकमेकांपासून लांब. मग पाळण्याचा आकडा बसवायला आढ्याकडे निघाले.

“तें मात्र पोर आल्यावर!” मी ओरडले. “तेवढं तरी राहूं द्या.”

“बरं,” म्हणाले आणि दोन खिळे खिशात टाकले.

संध्याकाळी आम्ही दोघं नव्या फळ्यांवर बसलो होतो. कालव्याला पाणी भरून चाललं होतं. कोऱ्या लाकडाचा वास होता. हे अंगठा चोळत होते.

“मुलगा होता कीं मुलगी?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी किती वर्षं या प्रश्नाची वाट बघत होते, ते तेव्हा मला कळलं.

“मुलगी,” मी म्हटलं. “केस दाट होते. नाक तुमचं.”

त्यांचं अंगठा चोळणं थांबलं. “म्हणजे प्रियासारखीच.”

“हो. तिच्यासारखीच.”

“आई, अप्पा, सरा बाजूला!” मागून हरिप्रियाची हाक आली. “मला जायचं अहे, घाई अहे!”

आम्ही एकेका कडेला सरलो. ती आमच्या मधून, ओट्याच्या मधोमध, पायांखाली न बघता चालत गेली.