गल्लीतलं एकच स्लॅबचं घर

वादळाची बातमी आली की गल्लीला माझी आठवण यायची. एरवी मी कोपऱ्यावरची शिवणकामवाली काकू, कपडे वेळेत मिळाले नाहीत की जिच्या नावानं बोटं मोडायची ती. पण गल्लीतली सगळी घरं पत्र्याची, आणि स्लॅबचं काय ते माझं एकटीचं. पत्रे थडथडायला लागले की अख्खी गल्ली अंथरुणं डोक्यावर घेऊन माझ्या दोन खोल्यांत शिरायची. चिखलाचे पाय, ओल्या चादरी, रडकी पोरं, आणि वर गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या आईचं घोरणं. मशीनशेजारचा कोरडा कोपरा तिचा ठरलेला. तिच्या घोरण्यापुढे बाहेरचं वादळ काहीच नाही, असं आम्ही हसून म्हणायचो. माझ्या नाकी नऊ यायचे. ते मी दर वेळी सगळ्यांना ऐकवायचे, आणि दर वेळी चहाचं मोठं पातेलंही चढवायचे.

यंदा शाळेमागे सरकारी निवारा बांधून झाला. पंखे, नळ, बायकांची वेगळी खोली, सगळा थाट. वादळ दुपारी धडकणार म्हणून लोक सकाळीच तिकडे निघाले. जाताना जो तो मला सांगून गेला, तुम्हाला बरंय काकू, तुमचा स्लॅब आहे. परगावाहून लेकीचा फोन आला, तिनंही तेच सांगितलं. नवरा गेला तेव्हाही लोक असंच म्हणाले होते, निदान डोक्यावर पक्कं छप्पर ठेवून गेला.

थोडा वेळ मशीनवर बसले, पण शिवण सरळ जाईना. शेवटी पिशवीत औषधं आणि एक चादर कोंबली, दाराला कुलूप लावलं आणि निघाले. भीती कसलीच वाटत नव्हती. मला माणसांत बसायचं होतं, एवढंच.

निवाऱ्याच्या दारात एक स्वयंसेविका प्रत्येकाला विचारत होती, घर कच्चं की पक्कं. मी बेधडक कच्चं म्हणून सांगितलं.

नेमका रिक्षावाला आतून आला. मला पाहून त्याला कोण आनंद झाला. "कच्चं कसलं? काकूंचं घर म्हणजे किल्ला आहे किल्ला. इतकी वर्षं आम्ही सगळे तिथंच तर वाचलो."

मोठेपणा नको म्हणून मी तसं बोलले, असं त्याला वाटलं असणार. दारातली पोरगी ओशाळली. जागा अपुरी आहे आजी, खालच्या वस्तीतल्या लेकुरवाळ्या बायका अजून यायच्यात, असं हळूच म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. मी नुसती बघायला आले होते, असं सांगून मी मागे फिरले.

रिक्षावाल्यानंच मला घरी सोडलं. उतरताना वारा हातातली पिशवी ओढत होता.

"थांबतोस का जरा? चहा टाकते," मी म्हणाले.

"आई तिकडे एकटी आहे ना, काकू."

त्याची आई तिकडे अख्ख्या गल्लीबरोबर होती. मी पिशवी सावरली, आणि त्यानं रिक्षा वळवली.

मग वादळ आलं. भर दुपारी काळोख झाला. गल्लीतले पत्रे उडताना ऐकू येत होते. मी सवयीनं मोठं पातेलं खाली काढलं होतं, त्यात कपभर चहा उकळला, तो जेमतेम तळाला पुरला. कप घेऊन मशीनशेजारच्या कोपऱ्यात बसले. इतक्या वर्षांत त्या कोपऱ्यात बसायची पाळी कधी आली नव्हती. जागा खरंच कोरडी होती. मला रडू आलं, आणि वाऱ्याच्या आवाजात ते माझं मलाही ऐकू येईना. दाराची कडी मात्र मी लावली नाही. दार सारखं आपटत होतं, आणि मी दर वेळी उठून बघत होते.

सकाळी सगळं शांत होतं. सगळ्यांच्या आधी रिक्षावाला आला. त्याचं अर्धं छप्पर गेलं होतं, तरी आधी माझ्याकडे आला.

"काकू, घराला काही झालं नाही ना?"

"घराला काय होतंय."

त्यानं भिंतीवर शाबासकीची थाप मारली, समाधानानं वर स्लॅबकडे पाहिलं आणि पत्रे गोळा करायला निघून गेला. मी कशी आहे, ते विचारायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.