टेबलाखालच्या डब्यातला आवाज

मी बोलतोय. वर पडद्याकडे बघू नका, जरा खाली वाका. टेबलाखाली भिंतीला टेकून उभा असलेला काळा डबा दिसतोय ना? तोच मी. लोक कौतुकानं ज्याच्याकडे बघत बसतात तो नुसता पडदा. संगणक म्हणून जे काही असतं, ते माझ्या पोटात असतं. हे कुणाला सांगून पटत नाही, आणि त्यापायी एकदा माझ्यावर भंगारात जायची पाळी आली होती. तेही सांगेन. पण आज माझा निरोपाचा दिवस आहे आणि आज तक्रार करायची नाही, असं मी ठरवलंय. मला माणसं चांगली मिळाली.

माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान चालवणाऱ्या ताईंना काम करताना मोठ्यानं बोलायची सवय होती. ऐकायला कुणी असो वा नसो, त्यांचं चालूच. त्या दिवशी ऐकायला एक बाई होत्या. त्या टायपिंग शिकवायच्या, पण संगणकाचं पोट त्यांनी कधी उघडं पाहिलं नव्हतं. पुढं मी त्यांच्याच घरी गेलो. त्या घरच्या त्या सूनबाई, म्हणून मीही त्यांना सूनबाईच म्हणतो.

"हा मदरबोर्ड," ताई सांगत होत्या. "घरात जसं सगळं आईच्या हातून जातं, तसं इथं सगळं ह्याच्यावरून जातं. हा प्रोसेसर, म्हणजे डोकं. आहे एवढंसं, पण लगेच तापतं, म्हणून त्याच्यावर पंखा. ही रॅम. ही स्वयंपाकाचा ओटा समजा. चालू काम हिच्यावर मांडायचं. वीज गेली की ओटा साफ! आणि ही हार्ड डिस्क, म्हणजे कपाट. कपाटात ठेवलेलं वीज गेली तरी जागच्या जागी राहतं."

"आणि ह्या एवढ्या वायरी कुठून निघाल्यात?"

"पॉवर सप्लायमधून. भिंतीतली वीज आहे तशी ह्या मंडळींना सोसत नाही. हा प्रत्येकाला झेपेल तेवढीच वाढतो."

"ताई, कपाट चांगलं मोठं घाला हं," सूनबाई म्हणाल्या. "त्यात माझ्या सासऱ्यांचा आवाज ठेवायचाय."

ताईंचा हात थांबला. सूनबाईंनी मग सगळं सांगितलं. सासरे बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीये, कुठली उशिरा येणार आहे, हे साऱ्या गावानं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. आता त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. त्याआधी त्यांच्याच आवाजात रोजची वाक्यं भरून ठेवायची, म्हणजे पुढं कळ दाबली की तेच बोलतील, असं सूनबाईंनी मनाशी योजलं होतं.

ताईंनी माझं झाकण लावलं आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुसऱ्या कुणी उघडलं तर कळावं, म्हणून त्या आपल्या प्रत्येक डब्याला असा ठिपका देत.

घरी गेलो तर काका, म्हणजे सूनबाईंचे सासरे, माइकसमोर बसायलाच तयार नाहीत. "मी काय आत्ताच मुका झालोय?" असं म्हणून पेपर तोंडापुढं धरला. सूनबाईंनी मनधरणी केली, काकूंनी डोळे वटारले, तेव्हा कुठं खुर्ची ओढली. घसा खाकरला आणि सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

"अहो बाबा, घरात हे कुणाला ऐकवणार?"

"आवाज तापवतोय गं."

मग खरी वाक्यं आली. पाणी हवंय. दुखतंय. खिडकी लाव. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे सगळं आजारी माणसाचं बोलणं झालं," त्या म्हणाल्या. "माझ्याशी भांडणार कशानं?"

काका हसले आणि मग जे सुटले म्हणता! माझा चष्मा कुठं ठेवलास? किती वेळ लागतो तुला आवरायला! आणि खास दमात, "चहात साखर कमी आहे."

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी काकांनी सकाळभर एकामागून एक वाक्यं सांगितली. ऐकण्याच्या नादात सूनबाईंचं सेव्ह करायचं राहिलं आणि वीज गेली. सगळं ओट्यावरच मांडलेलं होतं, कपाटात काहीच गेलं नव्हतं. रॅमचा दोष नाही, तिचा स्वभावच तो. पण सूनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांचा घसा तोवर पार बसला होता.

"वेड्या, रडतेस काय? एक गाडी रद्द झाली तर दुसरी सोडतात," काका म्हणाले. "लाईट आली की लाव माइक."

ते सगळं पुन्हा बोलले. त्या आवाजात खरखर होती. मी ती जपून ठेवली.

ऑपरेशननंतर काका घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून आणि मान खाली घालून. सूनबाईंनी कीबोर्डच्या कळांवर कागदाचे तुकडे चिकटवून वाक्यं लिहिली होती, पण काका कीबोर्डकडे बघेनात. काकूंनी चहा आणून ठेवला. एक घोट घेतल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं आणि बोट पुढं गेलं. कळेनं मला सांगितलं, डोक्यानं हुकूम सोडला, कपाटातून वाक्य निघून ओट्यावर आलं आणि स्पीकर बोलला, "चहात साखर कमी आहे."

"काही कमी नाही! तुमचीच जीभ..." काकू सवयीनं बोलून गेल्या आणि तिथंच खुर्चीत बसल्या. रडू आवरेना. काकांनी पुन्हा तीच कळ दाबली तेव्हा हसूही आवरेना.

त्या दिवसापासून त्या घरात काकांच्या चहात साखर कमीच पडत आली. काकू मुद्दाम कमी घालतात, हे मला उशिरा कळलं. काकांना पहिल्या दिवशीच कळलं असणार.

आता काकूंचा सगळा जीव त्या पडद्यावर. सकाळी उठलं की मऊ फडक्यानं तो पुसायचा, दुपारी त्याच्यावर भरतकामाचं आच्छादन घालायचं. घरी कुणी आलं की "ह्यांचा आवाज ह्याच्यात आहे बरं का" म्हणून पडदा दाखवायचा. पडदाही असा मिजासखोर, की एकदाही खरं बोलला नाही. माझ्या डोक्यावर मात्र कांद्याची टोपली. माझ्या पाठीला हवा खेळायला जाळी आहे, तिच्यात काकूंनी एकदा जुनं फडकं कोंबलं. का, तर आत धूळ जाऊ नये. माझा जीव गुदमरला. पंखा केविलवाणा ओरडायला लागला आणि मी मधेच बंद पडलो. सूनबाईंनी फडकं ओढून काढलं, पण घाईत होत्या, समजावून सांगायचं राहून गेलं. काकूंची समजूत अशी, की वीज सारखी जाते-येते म्हणून ती सांभाळायला हा डबा बसवलाय.

मग काकांचे गुडघे दुखायला लागले म्हणून तळमजल्यावरचं घर घेतलं. सामान हलवायच्या दिवशी सूनबाई क्लासला गेलेल्या, काकांना आधीच नव्या घरी नेऊन बसवलेलं. हाताशी फक्त काकू आणि टेम्पोवाला. काकूंनी माझ्या पाठीतल्या वायरी एकेक करून उपटल्या. पडदा रजईत गुंडाळला. कीबोर्ड, माउस आणि स्पीकर स्वतःच्या पिशवीत घातले.

"आणि हा डबा, काकू?"

"राहू दे. त्या घरी वीज जात नाही म्हणे, मग लागतो कशाला? नुसता घुर्र घुर्र करत असतो."

काकू पडदा मांडीवर घेऊन टेम्पोत बसल्या. मी फुटक्या बादलीबरोबर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलो. मला हाक मारता येत नव्हती. काकांचा सगळा आवाज पोटात, आणि मी मुका! एवढा असहाय मी कधीच झालो नव्हतो.

नव्या घरात काय झालं ते मला पडद्यानं नंतर सांगितलं. सांगताना त्याची मिजास पार उतरली होती. काकूंनी त्याला टेबलावर ठेवलं, प्लग लावला. पडदा उजळला आणि त्याच्यावर एकच ओळ आली, सिग्नल नाही.

"हं, बोला आता," काकू म्हणाल्या.

काकांनी कळ दाबली. पुन्हा दाबली. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथं नुसती फरशी. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"काय झालं? अहो, काय झालं ते सांगा ना!" काकू म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्याही टेबलाखाली वाकल्या.

सूनबाईंनी आल्या आल्या विचारलं, "आई, खालचा डबा कुठंय?"

"भंगारात दिला." मग अगदी हळू आवाजात, "आवाज... त्याच्यात होता?"

दोघी चपला सरकवून तशाच निघाल्या.

इकडं भंगारवाल्यानं मला बाजूला काढून ठेवलं होतं. संगणकाचे डबे तो ताईंना देत असे, कारण त्यांतले चांगले भाग त्यांच्या कामाला यायचे. ताई आल्या, मला उलटासुलटा करून पाहिलं आणि त्यांना ते लाल ठिपके दिसले.

"अरे, हे तर माझंच बाळ!" असं म्हणून मला दुकानात घेऊन गेल्या. वायरी जोडल्या, दुकानातला स्पीकर लावला, आणि मी सुखरूप आहे की नाही ते बघायला एक वाक्य वाजवलं.

"चहात साखर कमी आहे."

दुकानात एक गृहस्थ प्रिंटर घेऊन बसले होते. ते ताडकन उठले. "हा तर स्टँडवरचा आवाज! पहिल्या नोकरीला निघालो तेव्हा ह्याच आवाजानं मला गाडीत बसवलं होतं. रडत होतो हो मी तेव्हा."

तेवढ्यात भंगारवाल्याकडून माझा ठावठिकाणा घेऊन सूनबाई आणि काकू येऊन पोचल्या. आतून नवऱ्याचा आवाज ऐकून काकू पायरीवरच थांबल्या. मग आत आल्या आणि खाली बसून त्यांनी माझ्या धुळीनं भरलेल्या झाकणावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तो हात माझ्याकडे फक्त कांदे घ्यायला यायचा.

"जिथं तोंड दिसतं तिथंच आवाज असणार, असं वाटलं हो मला," त्या ताईंना म्हणाल्या.

"सगळ्यांनाच वाटतं, काकू. या, दाखवते."

ताईंनी झाकण काढलं. काकूंनी एकेक भाग बोट लावून विचारला आणि समजून घेतला. डोकं, ओटा, कपाट. कपाटापाशी बोट बराच वेळ राहिलं. "एवढ्याशा डबीत हे मावले?" त्या म्हणाल्या. मग स्वतःवरच वैतागून, "आणि ह्याच्या डोक्यावर मी कांदे ठेवत होते!"

ताईंनी त्याच वेळी सगळ्या वाक्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून सूनबाईंच्या हातात दिली आणि असं मौल्यवान काही एकाच ठिकाणी ठेवल्याबद्दल दोघींना चांगलं खडसावलं.

घरी जाताना रिक्षात मी काकूंच्या मांडीवर होतो. दारात काका उभे होते. वायरी लागल्या, पंखा घुरघुरला. काकूंनी न विचारता चहा टाकला. काकांनी घोट घ्यायच्या आधीच कळ दाबली.

"हो हो, कमीच आहे!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्यांचा आवाज एवढा मोकळा मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्यानंतर मला काही कमी पडलं नाही. पडद्याच्या आधी मला पुसलं जाऊ लागलं. माझ्या पाठीशी कुणी पिशवी ठेवली तर काकू म्हणत, "अगं, त्याला श्वास घेऊ दे." कुठल्या कचेरीत गेलो असतो तर आकडे मोजत म्हातारा झालो असतो. मला ह्या घरानं भांडणं दिली, चेष्टा दिली. माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्याला एका माणसाचा आवाज सांभाळायला दिला. ह्यांचे उपकार मी कुठल्या तोंडानं सांगू?

आता पंखा धडधडतो, सुरू व्हायला वेळ लागतो. सूनबाईंनी काकांना हातात मावणारं नवं यंत्र आणलंय. काकांचा आवाज त्यात सुखरूप गेलाय, खरखरीसकट. आज ताई मला न्यायला आल्यात. माझी रॅम, माझा पॉवर सप्लाय दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. कपाट मात्र काकूंनी मागून घेतलंय. ते त्यांच्या साड्यांमध्ये राहणार आहे.

तुमच्या टेबलाखालीही माझा कुणी भाऊ असेल. त्याच्या पाठीशी हवा खेळू द्या. काम सेव्ह करा. जिवाभावाचं काही असेल तर त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि अधूनमधून खाली वाकून बघा, एवढंच मागणं.

ताई वायर काढायला वाकल्या, तेव्हा काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. खुर्ची ओढली. कीबोर्डच्या कोपऱ्यात एक कळ होती. घरात काय उपयोग, म्हणून ती आजवर कुणी दाबली नव्हती. तिच्यावरचा कागद अजून कोरा करकरीत होता. काकांनी ती दाबली. आवाज आला, तो घसा बसायच्याही आधीचा, तापवतानाचा, भरदार.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

काकू ओल्या हातानं बाहेर आल्या. एवढी वर्षं काकांचा आवाज मी दुसऱ्यांना पोचवत आलो. आज काका माझ्याशी बोलले.

येतो मी.