पिवळ्या सालीचा निकाल

बसिरातला धड वाकता येत नाही, हे अल्हाजा सफुराचं जुनं दुखणं. थोरांपुढे आलं की दोन्ही गुडघे जमिनीला लागायला हवेत. ही बया एक गुडघा टेकल्यासारखा करते, दुसरा हवेतच, आणि "मोठ्याई, बऱ्या आहात ना" म्हणेपर्यंत पुन्हा ताठ उभी. पाच आठवड्यांनी तोंड दाखवलं, तेही असं. मग अल्हाजाच्या दुकानातल्या पाल्याच्या पोत्यांवर अंग टाकलं आणि भर बाजारात घोरायला लागली.

समोर औषधासाठी वाळलेले सरडे विकणारी इया रफिउ हसली. "अल्हाजा, तुमची विद्यापीठवाली लवंडली की!"

"लवंडू दे. तिच्या डोक्यात भार आहे. तुझ्यासारखी रिकामी टोपली नाही ती."

घरच्या माणसाला नावं ठेवायचा हक्क घरच्यांचा. बाहेरचीने तोंड घातलं की अल्हाजाला खपत नसे.

बसिरात तिच्या पोटची नव्हे, सवतीची. ती धाकटी सवत वारली तेव्हा पोर चार वर्षांची होती. अल्हाजा स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली, पण या पोरीला तिने जिद्दीने शिकवलं. जडीबुटीच्या बोडे बाजारात अल्हाजाच्या तापावरच्या काढ्याचं नाव होतं. कडुनिंबाचा पाला, आंब्याची साल आणि रानातली ती पिवळी साल, जी हाताला हळदीसारखा रंग सोडते. तीन वर्षांपूर्वी बसिरातने हीच तीन नावं वहीत उतरवून नेली. ती कॉम्प्युटरवर औषधं शोधते. म्हणजे काय, ते तिने अल्हाजाला एकदा समजावलं होतं. कुठल्या झाडात कुठली द्रव्यं आहेत याच्या याद्या विद्वानांनी करून ठेवल्यात. त्यातलं एकेक द्रव्य घ्यायचं आणि हिवतापाच्या जंतूच्या कुलपात किल्लीसारखं घालून बघायचं, सगळं पडद्यावरच. जी किल्ली बसेल तिचं पुढे खरं औषध करून बघायचं. अल्हाजाला ते तेव्हाच कळलं होतं. कुलूप-किल्ली कुणाला कळत नाही?

उन्हं डोक्यावर आली तशी बसिरात उठली. अल्हाजाने चवळीचे गरम वडे पुढे केले. तिने एक उचलला आणि तसाच हातात धरून बसली.

"मोठ्याई, उद्या विद्यापीठात निकाल लिहून द्यायचाय."

"मग दे की."

"पिवळ्या सालीतलं एकही द्रव्य बसलं नाही. त्रेचाळीस घालून पाहिली, तीही दोनदा." तिचा आवाज पार सपाट होता. "तापावर तिचा उपयोग दिसत नाही, असं लिहावं लागेल. काढा कुणी सांगितला तिथे तुमचं नाव आहे. म्हणून आधी सांगायला आले."

एरवी अल्हाजाने बाजार डोक्यावर घेतला असता. पण पहाटेपासून बसून पाय सुजले होते आणि ओरडायचीही ताकद लागते.

"चाळीस वर्षं लोक येतात, ते काय माझं तोंड बघायला?"

"तोंड बघून तर ताप चढेल!" समोरून इया रफिउ.

अल्हाजाने तिकडे पाहिलंही नाही. पुढची गिऱ्हाइकं होतीच, निकाल काही लागो. तिने मडकं ओढलं, सालीचे तुकडे टाकले, बाजूचा डबा उचलून त्यात ओतायला लागली. बसिरात बघत होती, दुसरीकडे नजर वळवायचा तिला कंटाळा आला होता म्हणून.

"ते काय ओतताय?"

"पाणी."

"पांढरं?"

"ओगीचं. मका भिजवून वाटला आणि बसायला ठेवला की वर येतं ते आंबट पाणी."

बसिरातने वडा खाली ठेवला. "तुम्ही मला पाणी म्हणाला होतात."

"मग हे काय पेट्रोल आहे? झाडं कोणती विचारलंस, झाडं सांगितली. कशात भिजवता विचारलंस, पाण्यात म्हटलं."

"आणि ठेवता किती दिवस?"

"तीन. फेस धरला की गाळायचं."

पोरगी उठून मडक्यात डोकावली. मग म्हणाली, "माझ्या यादीतली द्रव्यं सुक्या सालीतली आहेत, स्पिरिटमध्ये काढलेली. तीन दिवस आंबल्यावर त्यातली काही मोडतात, काही नवी होतात. मी तीन वर्षं ज्या किल्ल्या घालत बसले, त्या तुमच्या मडक्यात असतात की नाही, हेच मला माहीत नाही."

"मग मडक्यातलं घेऊन जा. नवी यादी कर."

"त्याला अजून दोन वर्षं लागतील, मोठ्याई. माझ्याबरोबरच्या सगळ्या नोकरीला लागल्या. मी थकले. आहे तेच लिहिलं तर पदवी मिळते. कुणी विचारणारही नाही."

"मडकीवालीच्या घरात वाढली आणि मडक्यात काय ओततात ते ठाऊक नाही!" इया रफिउ पुटपुटली.

ते मात्र अल्हाजाच्या वर्मी लागलं. सात वर्षांची बसिरात एकदा मडकं उचलायला आली होती, तेव्हा अल्हाजाने तिच्या हातावर चापट मारून तिला लांब केलं होतं. स्वतःच्या चार मुली भिजवायच्या, गाळायच्या, बाटल्या घासायच्या. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. सवतीची पोर मात्र तिने मडक्यांना शिवू दिली नाही, राबवून घेते असं कुणी म्हणू नये म्हणून. त्या स्वच्छ हातांचा तिला केवढा तोरा होता.

तिने डबा बाजूला ठेवला आणि भिंतीला पाठ टेकली.

"ऐक, बसिरात. तुला मडक्याजवळ येऊ दिलं नाही ते मी, लोकांच्या तोंडाला भिऊन. ती चूक माझी, आणि मोठी. तीन वर्षं माझा काढा तपासतेस आणि तो होताना एकदा बघितला नाहीस, ती तुझी. सुकी साल निकामी लिहितेस तर लिही, ते तू बघितलंयस. पण माझा काढा निकामी लिहिलास तर ती लबाडी, आणि लबाडी करण्याइतकी तू अजून थकलेली नाहीस. उद्या जा आणि तुझ्या त्या प्रोफेसरला सांग, मडकं बघायचं राहिलं. मीच आले असते, पण तुमच्या विद्यापीठाचा तो जिना माझ्याच्याने चढवत नाही. म्हणून चूक कुणाची का असेना, निस्तरायची तुलाच आहे."