पुंजारामबाबांचा ताईत

मंगळवारी सकाळी सात वाजता पारनेर तालुक्यातील एका वाडीच्या दूध संकलन केंद्रातला संगणक पुंजारामबाबांच्या फुंकरीने ताळ्यावर आला. बाहेर किटल्या घेऊन ताटकळलेल्या लोकांनी भैरवनाथाच्या नावानं चांगभलं म्हटलं.

खांडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हापासून हे यंत्र बिघडलं होतं. दुधाची पावती काढायला घेतली की पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद. तालुक्याहून आलेल्या मेकॅनिकने एक फाईल खराब झाल्याचं शोधलं. पण ती बदलायला गेलं की संगणक सांगे, फाईल वापरात आहे, परवानगी नाही.

"मालकालाच परवानगी न्हाई? मग आत बसलंय कोन?" केंद्र चालवणाऱ्या आरतीचे सासरे आप्पासाहेब म्हणाले, आणि बाबांना बोलावणं गेलं.

गळ्यातला पितळी ताईत मुठीत धरून बाबांनी स्वतःवर आणि यंत्रावर एकच भगवी शाल ओढली. सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "ओम ह्रीं क्लीं, माउस मारी, कीबोर्ड तारी, सोड बाई सोड!" बऱ्याच वेळाने शाल निघाली. पावती आली.

मग बाबांनी निदान सांगितलं. "घरातल्याच बाईची नजर हाय. शिकलेली हाय. पूजेला आल्ती, यंत्राकडं टक लावून बघत हुती. अमुशापतुर तिला माहेरी धाडा, न्हाईतर दूधबी नासंल."

सगळ्यांच्या माना ज्ञानेश्वरीकडे वळल्या. ती आरतीची धाकटी जाऊ. हायस्कूलमध्ये संगणक शिकवते. नोकरीवर घेऊन वर्षही झालेलं नाही. माहेरी नेवाशाला जाऊन बसली असती तर नोकरी गेली असती आणि नावाला लागलेला डाग राहिला असता.

तिला जावेचा हेवा वाटतो, हे वाडीला ठाऊक होतं. केंद्रासाठी तिनेही अर्ज केला होता, मिळालं आरतीला. उलट बाजूही तेवढीच खरी. यंत्र दुरुस्त करू शकणारी बाई भिंतीपलीकडे राहत असताना आरतीने तिला एकदाही हाक मारली नाही. "तिला बोलवायचं म्हंजे आपल्याच हातानं तिला पाटावर बसवायचं," असं ती शेजारणीला म्हणाली होती.

संध्याकाळी पाचसहा पावत्या निघाल्या आणि पडदा पुन्हा निळा झाला. "बाई अजून घरातच हाय ना!" पुन्हा बोलावलेले बाबा गरजले. आप्पासाहेबांनी धाकट्या सुनेची बॅग केंद्रालगतच्या ओसरीवर आणून ठेवली.

"जाते, मामा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पण आधी महाराजांनी शाल न घेता आणि ताईत काढून एकदा फुंकावं."

"ताईत काढला तर माझ्या तेजानं जळून जाल!"

"जळू द्या महाराज," किटल्यांमधून आवाज आला. "थंडी लई पडलीय."

लोक हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. "काढा की. देव काय ताईतात बसलाय व्हय?" म्हणत त्यांनीच हात पुढे केला. ओढाताणीत पितळी टोपण निघालं. आत पेनड्राईव्ह होता.

"मामा, चालत्या मोटारीचा पट्टा बदलता येतो?"

"बोटं जातील."

"तसंच आहे. संगणक चालू असताना ही फाईल त्याच्या कामात गुंतलेली असते, म्हणून तो हात लावू देत नाही. बाबा शालीखाली तो बंद करून या पेनड्राईव्हवरून सुरू करतात. मग आतली फाईल मोकळी होते."

तिने तेच सर्वांसमोर केलं. आधी संगणकातल्या प्रणालीची आवृत्ती पाहिली, खराब फाईलची प्रत बाजूला ठेवली, मग स्वतःच्या पेनड्राईव्हवरून यंत्र सुरू करून त्याच आवृत्तीची फाईल बसवली. बाबांनी भलत्याच आवृत्तीची टाकली होती. ती टिकली नाही. आता पावत्या थांबेनात.

"मग बिघडली कशी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"खांडेनवमीला हत्यारं थांबवून पूजायची, हा आपला रिवाज. त्या दिवशी पडद्यावर लिहून आलं होतं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. मुहूर्त टळतोय म्हणून वायर कुणी उपटली?"

सगळ्यांच्या नजरा आरतीकडे गेल्या.

"तेव्हा सांगायला काय झाल्तं तुला?" ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"सांगितलं नाही. जळत होते मी. केंद्र मला हवं होतं, अजूनही हवंय. पण ताई, वायर माझ्या जळण्यानं निघाली नाही."

मत्सर माणसाच्या मनात असतो. त्याचा जाब माणसाला विचारता येतो. बिघाड यंत्रात असतो. त्याचं कारण यंत्रातच शोधावं लागतं. दोन्हींची सरमिसळ करून देणारा माणूस दारात आला, तर त्याला आधी शाल काढायला सांगावी.

बाबा मोटारसायकलवरून निघून गेले. बुधवारी ज्ञानेश्वरीने त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. साक्षीदार म्हणून आरतीचं नाव आहे. तिने अद्याप जबाब दिलेला नाही. गुरुवारी सकाळी दूध वेळेवर मोजलं गेलं. बॅग ओसरीवरच होती. ती आत कुणी नेलेली नव्हती.