बलकाची वाटी

अंड्यातला बलक काढून टाकल्यावर काय उरतं हे ज्याला बघायचं असेल, त्याने ते तीन महिने ताईच्या घरी सकाळी साडेसातला यायला हवं होतं. उरायचा एक पांढराफटक, मिळमिळीत गोळा, आणि त्याच्यासमोर तोंड वाकडं करून बसलेला एक नवरा.

ताई म्हणजे पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर बसणारी बाई. तिथे सगळे तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. नवरा अंड्यांच्या गोदामात तपासनीस होता. सव्वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढे एकेक अंडं धरून आत तडा आहे का, रक्ताचा ठिपका आहे का, बलक नीट मधोमध आहे का, हे बघायचं आणि चांगलं-वाईट वेगळं करायचं, हे त्याचं काम. गोदामात त्याला पारखी म्हणत. आता असल्या माणसाला डॉक्टरीणबाईंनी सांगावं की उद्यापासून बलक बंद, फक्त पांढरा भाग खायचा, लोणी बंद, साय बंद, याला काय म्हणायचं? पण सांगितलं खरं. छातीत कळ येऊन तो पाच दिवस दवाखान्यात राहून आला होता. निघताना डॉक्टरीणबाई ताईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या वेळी शरीराने आधी सूचना दिली. पुढच्या वेळी देईलच असं नाही."

ते वाक्य ताईच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. पोस्टात शिक्के मारताना ते आठवायचं, आणि एकदा तर तिने एकाच पाकिटावर चार शिक्के मारले.

पारखीने घरी येताच एकच अट घातली. "कुणाला सांगायचं नाही. आजारी माणूस म्हणून मला कुणी बघितलेलं चालणार नाही." गोदामात त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं. शेजारीपाजारी कळवलं की दोघं गावाला गेलो होतो. ताईने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मग सुरू झाला पांढऱ्याचा संसार. ताई पहाटे उठून पाच अंडी फोडायची, तीन त्याची, दोन तिची. होय, तिनेही बलक सोडला होता. त्याच्यासमोर बसून आपण पिवळंधमक अंडं खायचं हे तिला जमेना. पहिल्या आठवड्यात तिने पांढऱ्याचं ऑम्लेट केलं. पारखी म्हणाला, "रुमाल तळलायस का?" दुसऱ्या आठवड्यात त्यात पालक घातला, कांदा घातला, मशरूम घातले. तो म्हणाला, "आता रुमालाला डाग पडलेत." उकडून, मिरपूड लावून दिलं, तर खोडरबर. दुकानातून पांढऱ्या भागाचा तयार खोका आणला, तर त्याने खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि "हे तर बाळाला बाटलीने दूध पाजण्यासारखं झालं" म्हणून ग्लासभर पाणी पिऊन कामावर गेला. अंड्याऐवजी टोफू कुस्करून दिला, त्यावर तर तो बोललाच नाही. त्याच्या न बोलण्याने ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

एकदा तिने कमाल केली. अंडी उकडून अर्धी कापली, बलक काढला, आणि त्या खळग्यात हळद-मीठ घालून घोटलेला लाल भोपळा इतका गुळगुळीत भरला की तिची स्वतःचीच फसगत व्हावी. पारखीने अर्धं अंडं दोन बोटांत उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, जरासं फिरवलं.

"भोपळा," तो म्हणाला आणि खाली ठेवलं.

ताईने कपाळावर हात मारला. सगळ्या जगात अंड्याच्या बाबतीत फसवायला तिला हाच माणूस सापडला होता.

आता प्रश्न रोजच्या पाच बलकांचा. अन्न टाकायचं हे ताईच्या हाताला माहीतच नव्हतं. शिळ्या पावाचा ती चुरा करून ठेवायची, भाजीची देठं उकळून त्याचं पाणी वापरायची, आणि इथे तर रोज चांगले गरगरीत पाच बलक. ते मोरीत ओतायला तिचा हात धजेना. तळमजल्यावर एक मावशी राहायच्या. एकट्याच. ऑर्डरप्रमाणे केक करून द्यायच्या. ताई कामावर जाताना बलकाची झाकलेली वाटी त्यांच्या दारात द्यायची. "आम्हाला जास्त होतात," एवढंच सांगायची. मावशी खूश. संध्याकाळी वाटी घासूनपुसून परत यायची. एक गोष्ट तरी वाया जात नाही, या विचाराने ताईला दिवसातलं तेवढंच बरं वाटायचं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"रक्तातली चरबी कमी व्हायच्याऐवजी वाढलीय," त्या म्हणाल्या. "घरात नेमकं काय खायला देता?"

हे त्यांनी विचारलं ताईला. खाणारा माणूस शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होता, आणि विचारलं ताईला. ताईने सगळं सांगितलं, पालक, मशरूम, भोपळ्यासकट. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. औषध वाढवलं, महिन्याने परत बोलावलं. रस्त्याने येताना ताई रडली नाही, कारण रडायचं की ओरडायचं हेच तिचं ठरेना. जिवाचं रान करायचं आणि वर आपणच चोर ठरायचं. पारखी दोन पावलं पुढे चालत होता. घराच्या कोपऱ्यावर म्हणाला, "तू जा वर. मी रोजच्यासारखा चालून येतो."

ताई वर गेली. सगळी कपाटं उपसली. त्याच्या पिशव्या, कोटाचे खिसे, बुटांचे खोके. कुठे बिस्किटाचा कागदसुद्धा मिळाला नाही. मग तिला आठवलं की आजची वाटी अजून मावशींकडेच आहे आणि उद्या सकाळी लागेल. ती खाली उतरली.

मावशींच्या दाराबाहेर पारखीच्या चपला होत्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलाशी तो बसला होता, पुढे खोल बशीत पिवळंजर्द कस्टर्ड, वर सायीचा गोळा, आणि बाजूला लोण्यात भाजलेला पावाचा तुकडा. चमचा तोंडाशी होता. तीन महिन्यांत तिने त्याचा असा सुखी चेहरा पाहिला नव्हता.

"ये गं, ये," मावशी म्हणाल्या. "बस. तुलाही देते. तुझाच तर बलक आहे."

ताई दारातच उभी राहिली. रोज सकाळी ती ज्या हाताने त्याच्या ताटातलं विष काढत होती, त्याच हाताने ते वाटीत घालून जिना उतरवत होती, आणि संध्याकाळी ते साखर, साय लावून त्याच्याच पोटात जात होतं. नव्वद दिवस. एक दिवस खंड नाही.

"किती दिवस चाललंय हे?" तिने विचारलं.

"अगं, तुम्ही गावाहून आलात तेव्हा किती उतरले होते हे," मावशी सांगू लागल्या. "म्हटलं, बलक आहेतच, जरा अंगाला लागेल असं काही करून घालावं. आणि माझ्याकडे तरी कोण आहे खायला? हे येतात, पोटभर खातात, चार गोष्टी बोलतात. माझीही संध्याकाळ बरी जाते."

आता या बाईवर काय ओरडायचं? ताईला ओरडायचं होतं, भांडी आपटायची होती, आणि समोर अशी भली बाई पळी घेऊन उभी. तिला काही ठाऊक नव्हतं. तिला काही ठाऊक होऊ नये याची काळजी ताईनेच घेतली होती.

"मावशी, यांना हृदयाचा झटका येऊन गेलाय," ताई म्हणाली. तीन महिन्यांत हे शब्द ती पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती. "बलक यांना बंद आहे. साय बंद आहे. लोणी बंद आहे. म्हणून तर ती वाटी तुमच्याकडे येत होती."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. पळीतलं कस्टर्ड त्यांच्या साडीवर सांडलं तरी त्यांना कळलं नाही. "मला सांगितलं असतंस तर," त्या पुटपुटल्या.

पारखीने चमचा खाली ठेवला. ताईने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला तर माहीत होतं."

"होतं," तो म्हणाला.

"मग?"

त्याने बशी बाजूला सारली. "वर मी पेशंट असतो गं. तू माझ्या ताटाकडे बघतेस, मी जिना चढलो की माझ्या छातीकडे बघतेस. इथे कुणाला काही माहीत नव्हतं. रोज अर्धा तास मी धडधाकट माणूस असायचो."

ताईला त्याचं म्हणणं कळलं. कळलं म्हणूनच तिचा संताप आणखी वाढला.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी पहाटे अंडी फोडायला उठत नाही हो. तुमचा श्वास चालू आहे का ते बघायला उठते. तो ऐकू आला की मग अंडी फोडते. कामावर फोन वाजला की मला वाटतं गोदामातून आलाय. हे मी कुणाला सांगायचं नाही, कारण तुम्हाला कमीपणा वाटतो. तुमचा अर्धा तास झाला. माझा अर्धा तास कुठे आहे ते सांगा."

मावशी डोळे पुसत होत्या. ताई वाटी घेऊन वर आली.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. आंघोळ केली, केस विंचरले, आणि अंड्यांची टोपली पारखीपुढे ठेवून खुर्चीत बसली. "आजपासून तुमचं तुम्ही."

सव्वीस वर्षांत लाखो अंडी हातांतून गेली होती, पण गोदामात फुटलं अंडं म्हणजे गुन्हा, आणि घरी फोडायची ती ताईने. त्याला अंडं फोडता येईना. पहिल्यात बलक फुटून पांढऱ्यात मिसळला. दुसऱ्यात कवच पडलं. ताई बसून बघत राहिली, जागची हलली नाही. तिसऱ्यापासून जमू लागलं. वाटीत बलक साठले तसा त्याने विचारलं, "हे कुठे?"

"तुम्हीच बघा."

त्याने वाटी हातात घेतली, दाराकडे पाहिलं, मग मोरीपाशी गेला आणि ओतली. नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहू दिलं. मग पांढऱ्याचं ऑम्लेट करून त्याने ताटलीत काढलं आणि पुढचं अंडं उचललं.

"ते राहू द्या," ताई म्हणाली. "ते माझं आहे. अख्खं."

ती उठली. तवा तापवला, लोण्याचा चांगला मोठा तुकडा टाकला, त्यावर अंडं फोडलं. कडा तांबूस होऊ दिल्या. बलक मधोमध बसला होता, अगदी पारखीच्या पहिल्या दर्जाचा. पुन्हा त्याच्यासमोर खुर्चीत येऊन बसली आणि पावाच्या तुकड्याने तो फोडला. त्याच्या डोळ्यांदेखत खाताना तिला रडू आलं, पण ती थांबली नाही.

पारखीने मिठाची डबी तिच्याकडे सरकवली. मग आपलं पांढरं ऑम्लेट त्याने पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला. रुमालाचं नाव काढलं नाही.

"चांगलं झालंय?" त्याने विचारलं.

"फार चांगलं झालंय," ताई म्हणाली. तिने पावाने बशी पुसून घेतली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्यासाठी एक घासही मागे ठेवला नाही.